नव्या गाडीचं पहिलं ऑइल: हजारला बदलायचं की दहा हजारला?

आखाजी आणि दसरा, आमच्या खानदेशात गाडी काढायचे हे दोन हक्काचे मुहूर्त. यंदाच्या आखाजीला आमच्या घरी पण गाडी आली. छोटीच आहे, पेट्रोल, हाताने गिअर टाकायची, पण गल्लीत उभी केल्यावर जो तो येऊन बॉनेटवर हात फिरवून जायला लागला आणि प्रत्येकाकडे द्यायला एक तरी सल्ला होताच. सीट कव्हर अमुक दुकानातून घे, खालून कोटिंग मारून घे नाहीतर गंज लागेल, पद्मालयाच्या गणपतीला नेली का नाही अजून, आणि या सगळ्यांत जास्त वेळा आलेलं म्हणजे "पहिलं ऑइल कधी बदलणार?" प्रश्न म्हणजे काय, उत्तर त्यातच असायचं. हजार किलोमीटर झाले की लगेच काढून फेकायचं, त्यात लोखंडाचा कीस असतो, तो इंजिन खातो, कंपनीवाले सांगत नाहीत कारण त्यांना गाडी लवकर खराब व्हायला हवी असते, वगैरे वगैरे.

मला या विषयाचा जुना किडा आहे. त्यामुळे गाडीच्या डॅशबोर्डच्या कप्प्यात जे जाडजूड पुस्तक असतं आणि जे नव्वद टक्के लोक प्लास्टिकच्या पिशवीतून बाहेर पण काढत नाहीत ते मी रात्री बसून वाचलं, ओळखीच्या मिस्तरींशी बोललो, आणि आता सगळ्यांना वेगवेगळं फोनवर सांगत बसण्यापेक्षा एकदाच इथे लिहून टाकतो.

ज्यांना घाई आहे त्यांच्यासाठी उत्तर आधीच. आजच्या कारला हजारला ऑइल बदलायची गरज नाही. पुस्तकात जे किलोमीटर आणि जे महिने लिहिलेत त्यातलं जे आधी होईल तेव्हा बदलायचं, आणि आपली गाडी जर धुळीत, छोट्या छोट्या फेऱ्यांत, रांगेत उभी राहून चालत असेल (आपल्याकडे बहुतेकांची तशीच चालते) तर त्याच्या अर्ध्यावर बदललं तर उत्तम. बस. पुढचं ज्यांना "का" मध्ये रस आहे त्यांच्यासाठी.

तर हजारचा हट्ट आला कुठून? माझे मामा शिरपूर तालुक्यात शेती करतात, केळी आणि कापूस, त्यांच्याशी या विषयावर माझी चांगलीच जुंपली. मामांचं म्हणणं सरळ होतं, "भो, पहिलं ऑइल हजारलेच फेकी दे. जुना लोक काय येडा व्हतात का?" आणि मग त्यांनी जात्याचं उदाहरण दिलं. जात्याला नवी टाकी लावली, म्हणजे दगड टोचून परत खरबरीत केला, की पहिलं पीठ घरात कोणी खात नाही, कचकच लागते, ते गुरांना घालायचं आणि मग पुढचं दळण आपलं. नव्या इंजिनाचं पण तसंच, पहिलं तेल फेकायचंच. मला हे उदाहरण इतकं आवडलं की मी थोडा वेळ गप्पच बसलो, कारण आत होतं ते खरंच तसंच काहीतरी होतं. फक्त जात्याला फिल्टर नसतो, आणि कारला असतो. भांडण सगळं या एका गोष्टीवर येऊन थांबतं.

आत काय होतं ते सांगतो. सिलिंडरची आतली भिंत गुळगुळीत नसते, ती मुद्दाम बारीक तिरप्या रेघांनी घासलेली असते, एकमेकींना छेदणाऱ्या रेघा, त्याला होनिंग म्हणतात. या रेघांत ऑइल धरून राहतं. पिस्टनला ज्या रिंगा असतात त्या नव्या असताना या भिंतीला सगळीकडून तंतोतंत चिकटलेल्या नसतात, इंजिन चालतं तसं भिंतीवरची उंच टोकं थोडी झिजतात, रिंगा थोड्या झिजतात आणि मग दोघांचं जमतं. या जमण्यात जी झीज होते तोच तो "कीस". आणि ही झीज सगळ्यात जास्त अगदी सुरुवातीला होते, नंतर कमी कमी होत जाते. म्हणजे मामा चुकीचं बोलत नव्हते, पहिल्या ऑइलमध्ये धातूचे कण नंतरच्या ऑइलपेक्षा जास्त असतातच.

पण आता दोन गोष्टी बघा. एक, आजकाल भिंतीवरची ती उंच टोकं कारखान्यातच कापून सपाट करून देतात, रेघा राहतात पण त्यांचे काटे जातात. जुन्या अँबेसेडर, फियाटच्या जमान्यात मशिनिंग इतकं बारीक नव्हतं, त्यामुळे तेव्हा नवी गाडी खरंच जास्त कीस सोडायची, मालक पन्नास-साठच्या वर स्पीड न्यायचे नाहीत आणि ऑइल लवकर बदलायचे. तेव्हाच्या गाडीला तो सल्ला बरोबरच होता. दोन, कारमध्ये सगळं ऑइल इंजिनाच्या भागांकडे जाण्याआधी कागदी फिल्टरमधून जातं. डोळ्याला दिसेल असा कण त्यातून पुढे जात नाही. अगदी बारीक, डोळ्याला न दिसणारे कण जातात, ते ऑइलमध्ये तरंगत राहतात आणि ते तसे तरंगते ठेवायला ऑइलमध्येच रसायनं घातलेली असतात.

आता मोटारसायकल घ्या, कारण आपल्याकडे बहुतेक लोकांचं ऑइलचं शिक्षण मोटारसायकलवर झालेलं आहे. बाइकची पहिली सर्व्हिस पाचशे-साडेसातशे किलोमीटरला येते आणि तेव्हा ऑइल बदलतातच, पुस्तकातच तसं लिहिलेलं असतं. का? तर बाइकमध्ये इंजिन, गिअर आणि क्लच या तिघांना मिळून एकच ऑइल असतं, ते पण लिटरभर. नव्या गिअरचे दात एकमेकांवर घासून जो कीस सोडतात तो, क्लचच्या प्लेटांचा भुगा, आणि इंजिनाचा कीस, सगळं त्या लिटरभरात. त्यात स्प्लेंडरसारख्या आपल्या १०० सीसी गाडीला कागदी फिल्टर नाहीच, एक जाळी आणि एक गरगर फिरून कचरा बाजूला टाकणारं चक्र, एवढंच. मग तिचं पहिलं ऑइल लवकर काढायलाच पाहिजे ना. कारमध्ये गिअरबॉक्सचं ऑइल वेगळं, त्याची टाकी वेगळी, इंजिनात तीन-साडेतीन लिटर ऑइल आणि त्याला पूर्ण फिल्टर. दोघींचा हिशोब एक कसा असेल?

आणि मामांचा दुसरा पुरावा म्हणजे ट्रॅक्टर. ट्रॅक्टरची पहिली सर्व्हिस ५० तासांना असते, मीटर तासाचं असतं हे शेतकऱ्याला सांगायला नको, आणि त्या ५० तासांना इंजिन ऑइल आणि फिल्टर दोन्ही बदलतात. बरोबरच आहे. ट्रॅक्टर नवीन असला म्हणून नांगराला कोणी थांबवत नाही, पहिल्या दिवसापासून काळ्या मातीत पूर्ण लोडवर चालतो, धुळीत चालतो. कंपनीनेच विचार करून ५० लिहिलेत. मी मामांना एवढंच म्हटलं की मामा, तुम्ही ट्रॅक्टरच्या पुस्तकाचं ऐकलं, बाइकच्या पुस्तकाचं ऐकलं, मग कारच्या पुस्तकाने काय घोडं मारलंय? त्यावर त्यांनी "तुले काय समजस त्यामा" म्हणून विषय बदलला आणि मामींना चहा टाकायला सांगितला.

पुस्तकात काय लिहिलेलं असतं ते कंपनी-कंपनीप्रमाणे थोडं वेगळं असतं, तुमचं तुम्ही बघा, पण साधारण चित्र असं आहे. पहिली फ्री सर्व्हिस हजार-दीड हजार किलोमीटरला किंवा एक-दोन महिन्यांत येते. या सर्व्हिसला बहुतेक पेट्रोल गाड्यांना ऑइल बदलायचं नसतंच, फक्त तपासणी. नट-बोल्ट आवळलेले आहेत का, कुठे गळतंय का, कूलंट, ब्रेकचं ऑइल, टायरची हवा, आणि गाडी धुऊन देतात. पहिला ऑइल बदल बहुतेकांचा १०,००० किलोमीटर किंवा १ वर्ष, काही गाड्यांचा १५,००० पण आहे. होंडासारखी कंपनी तर अमेरिकेतल्या ग्राहकांना उलट सांगते की कारखान्यातून भरून आलेलं ऑइल उगाच लवकर काढू नका, त्यात रिंगा बसण्याच्या काळासाठी खास रसायनं घातलेली असतात. म्हणजे आपण ज्याला कचरा समजून काढायला निघतो ते बऱ्याच वेळा मुद्दाम विचार करून भरलेलं असतं.

हां, एक गोष्ट. "फ्री सर्व्हिस" म्हणजे फक्त मजुरी फ्री. ऑइल, फिल्टर, वॉशर यांचे पैसे लागतातच. हे शोरूममध्ये चावी देताना कोणी सांगत नाही, पेढे देतात.

आणि पहिल्या फ्री सर्व्हिसला जो प्रकार होतो तो सांगतो. मी गाडी घेऊन गेलो (सेंटरचं नाव लिहीत नाही, गरज पण नाही, सगळीकडे थोड्याफार फरकाने हेच आहे), तर टॅब घेऊन आलेला पोरगा एका दमात म्हणाला, सर इंजिन ऑइल चेंज करून टाकू, इंजिन फ्लश करू, इंजिन कोटिंग आहे आपल्याकडे, फ्युएल सिस्टिम क्लीनर, एसी सॅनिटायझेशन. हजार किलोमीटर चाललेल्या गाडीचं इंजिन फ्लश! अरे बाबा, त्यात आहे काय धुवायला? मी म्हटलं पुस्तकात जे लिहिलंय तेवढंच करा. तर म्हणाला, सर पुस्तक परदेशी हवामानाप्रमाणे असतं. मी पुस्तक काढून पहिलं पान दाखवलं, भारतातलंच होतं. मग हसला बिचारा, त्याला पण टार्गेट असणार. सांगायचा मुद्दा हा की जॉब कार्डवर सही करण्याआधी प्रत्येक ओळ वाचा आणि जे नको त्यावर रेघ मारायला लावा. फ्लश हा प्रकार जुन्या, गाळ साचलेल्या इंजिनाचा विषय आहे आणि तिथे पण विचार करूनच.

मग मी किती किलोमीटरला बदललं? पाच हजारच्या आसपास, म्हणजे पुस्तकाच्या अर्ध्यावर. आता तुम्ही म्हणाल, एवढं लेक्चर देऊन स्वतः लवकर बदललंच की. हो, पण हजारला नाही, आणि कीस आहे म्हणून नाही. कारण त्याच पुस्तकात मागच्या पानांवर अजून एक तक्ता असतो, कठीण वापराचा, सिव्हियर कंडिशन म्हणतात त्याला. त्यात काय काय येतं बघा: धुळीचे रस्ते, सारख्या छोट्या फेऱ्या, बराच वेळ इंजिन चालू ठेवून उभं राहणं, जास्त वजन ओढणं, डोंगराळ रस्ते. अशा वापराला ऑइल लवकर बदला असं तेच लोक सांगतात.

आता आमचा वापर बघा. घर ते शाळा, शाळा ते बाजार, बाजार ते घर, एकेक फेरी दोन-तीन किलोमीटरची, इंजिन पुरतं तापत पण नाही तोवर बंद. मंगळवारी मंगळग्रह मंदिराकडच्या रस्त्याला अडकलो तर एसी चालू, गाडी जागच्या जागी. शनिवार-रविवार मामांकडे, केळीच्या बागेतून जाणारा कच्चा रस्ता, समोर ट्रॅक्टर असला तर उडणाऱ्या धुळीत पुढचं दिसत नाही. यातली छोट्या फेऱ्यांची गोष्ट लोकांना पटत नाही कारण त्यांना वाटतं गाडी कमी चालते म्हणजे ऑइल कमी झिजतं. उलट आहे. पेट्रोल जळताना पाण्याची वाफ तयार होते, थंड इंजिनात ती थोडी खाली ऑइलमध्ये उतरते, थोडं न जळालेलं पेट्रोल पण रिंगांच्या बाजूने खाली जातं. इंजिन चांगलं तापून अर्धा-पाऊण तास चाललं तर हे उडून जातं. दोन किलोमीटरला बंद केलं तर तिथेच राहतं, रोज थोडं थोडं साठतं आणि ऑइल पातळ होतं, आंबतं म्हणा ना. म्हणून पुस्तकात किलोमीटरच्या शेजारी महिने लिहिलेले असतात. आमच्या ओळखीच्या एका काकांची गाडी वर्षाला तीन हजार पण चालत नाही, कव्हर घालून झाकलेली असते, आणि ते अभिमानाने सांगतात की अजून पहिलं ऑइल बदलायची वेळच आली नाही, तीन वर्षं झाली. काका, वर्षाला एकदा धरलं तर वेळ तीनदा येऊन गेली. ही चूक मला हजारला बदलण्यापेक्षा कितीतरी मोठी वाटते, कारण हजारला बदललं तर दोनेक हजार रुपये जातात, इंजिनाला काही होत नाही. वर्षं उलटून गेली तर वॉरंटीवाले पण हात वर करतात.

धुळीबद्दल अजून एक. धूळ ऑइलमध्ये येते ती हवेच्या फिल्टरमधून, आणि वाळूचा बारीक कण रिंगांना जेवढा घासतो तेवढं दुसरं काही घासत नाही. त्यामुळे ज्यांची गाडी शेतात जाते त्यांनी ऑइलवर जेवढी चर्चा करतात त्याच्या अर्धी तरी एअर फिल्टरवर करावी. उघडून बघायला दोन-चार क्लिपा, दोन मिनिटं. आमचा काढून हलवला तर फरशीवर पिवळट माती पडली.

ऑइल बदलताना मी मुद्दाम लिफ्टच्या खाली जाऊन उभा राहिलो. खालचा बोल्ट सोडला तसं आधी जोरात आणि मग बारीक धारेने ऑइल आलं, गडद तपकिरी, अजून काळं नव्हतं. बोटावर घेऊन अंगठ्याने चोळलं, कचकच काही नाही. बाहेर उन्हात नेऊन बोट तिरकं केलं तेव्हा मात्र अगदी बारीक चकाकी दिसली, जरीच्या कापडाला हात लावल्यावर लागते तेवढी. मिस्तरी म्हणाला पहिल्या ऑइलला एवढं असतंच. हातात धरता येईल असा तुकडा किंवा चुरा दिसला असता तर तो काळजीचा विषय. फोटो काढून मामांना पाठवला, त्यांनी फक्त अंगठा दाखवला, तो कशाच्या बाजूने हे कळलं नाही.

आता जाड-पातळचं. नवीन ऑइल ओतताना आमचा शेजारी बरोबर होता, तो बघून म्हणाला, "हाई तेल शे का पाणी?" आजच्या बऱ्याच छोट्या पेट्रोल गाड्यांना ०डब्ल्यू-२० किंवा त्याहून पातळ ०डब्ल्यू-१६ लागतं, आणि ज्यांनी आयुष्यभर २०डब्ल्यू-४० बघितलंय त्यांना ते पाण्यासारखंच वाटणार. मग लगेच सल्ला येतो की आपल्याकडे भुसावळ-जळगावला मे महिन्यात ४५-४६ अंश ऊन, हे जपानचं ऑइल इथे टिकणार नाही, जाड घाला. ऐकायला पटतं. पण इंजिनाच्या आत ऑइल १०० अंशांच्या आसपास असतंच, बाहेर ४५ असो की धुळ्याच्या जानेवारीतले ५-६, थर्मोस्टॅट आणि रेडिएटर मिळून ते तेवढंच ठेवायला बघतात. डॅशनंतरचा जो आकडा आहे, २० किंवा ३०, तो १०० अंशांना मोजलेल्या जाडीवरूनच ठरतो. आणि इंजिनातल्या फटी, ऑइलच्या पंपाची ताकद, हे सगळं त्या जाडीचा हिशोब धरून बनवलेलं असतं. जाड घातलं तर थंडीत सकाळी स्टार्ट केल्यावर वरच्या भागांना ऑइल उशिरा पोचतं आणि ॲव्हरेज पण थोडं पडतं. पुस्तकात दोन-तीन ग्रेड दिलेल्या असतील तर त्यातली निवडा, त्याच्या बाहेर नको. डब्यावर एपीआय एसपी लिहिलेलं आहे का बघा, २०२० पासून आलेलं हे मानक आहे, पुस्तकात एसएन हे आधीचं मानक मागितलं असलं तरी एसपी चालतं.

डबा सीलबंद आपल्यासमोर फोडायला लावा. नामांकित कंपन्यांच्या रिकाम्या डब्यांत भलतंच भरून विकायचा धंदा चालतो हे सगळ्यांना माहीत आहे, म्हणून गावात बाहेर मिस्तरीकडे बदलत असाल तर रिकाम्या डब्याला स्क्रू ड्रायव्हरने भोक पाडून टाका. मिस्तरीला राग येत नाही, आला तर मिस्तरी बदला. खालच्या बोल्टचं वॉशर नवीन टाकायला लावा, पाच-पन्नास रुपयांची वस्तू आहे. आणि बोल्ट आवळताना पाईप लावून जोर काढणाऱ्याला थांबवा, बऱ्याच गाड्यांचा खालचा चेंबर ॲल्युमिनियमचा असतो, आटे गेले की काम वाढतं.

ज्यांना हजारलाच बदलायचंय त्यांनी बदला, मी अडवणारा कोण. मन शांत राहत असेल तर ते पण दोन हजारांत स्वस्तच आहे. फक्त ग्रेड तीच घाला, बिल जपून ठेवा आणि कंपनीच्या ठरलेल्या सर्व्हिस चुकवू नका. वॉरंटीच्या वेळी उशीर किंवा चुकीचं ऑइल आडवं येतं, लवकर बदललेलं येत नाही. पण त्यामुळे पुढचा बदल दोन वर्षांनी चालेल असं मात्र धरू नका, ही पळवाट मी लोकांच्या तोंडून ऐकली आहे.

ऑइल बदलण्यापेक्षा पहिल्या हजारात गाडी कशी चालवली याचा फरक जास्त पडतो, आणि याबद्दल मात्र कोणीच सल्ला देत नाही. रिंगा भिंतीला नीट बसतात त्या गॅसच्या दाबामुळे. म्हणजे इंजिनावर थोडा लोड यायला हवा, पण एकदम पूर्ण दाबायचं नाही आणि एकाच स्पीडला तासन्‌तास पण नाही. धुळे-जळगाव हायवे आता असा झालाय की नवी गाडी घेऊन गेलं की शंभरवर काटा लावून बसावंसं वाटतं. सुरुवातीला नको. त्यापेक्षा यावल, चोपडा, शिरपूर, शहादा असा जो बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्ता आहे तो रनिंग-इनसाठी, म्हणजे नवं इंजिन रुळवायला, एक नंबर. प्रत्येक गावाला गतिरोधक, मध्ये केळीचे ट्रक, मग थोडा मोकळा पट्टा, मग परत ट्रॅक्टर. स्पीड आपोआप कमी-जास्त होत राहतो, गिअर वरखाली होत राहतात. रस्त्याच्या अवस्थेबद्दल मी बाकी वेळी भरपूर बोलतो पण यावेळी तक्रार नाही. आणि वरच्या गिअरमध्ये गाडी गुदमरवत चालवायची सवय, ॲव्हरेजसाठी चाळीसला पाचवा, ती सोडा, कमी आरपीएमला जोर लावणं हे नव्या इंजिनाला वेगात पळवण्याइतकंच वाईट. पाच माणसं, डिकी भरून सामान आणि कन्नडचा घाट, हा कार्यक्रम पहिल्या हजारानंतर ठेवता आला तर ठेवा, नाहीच जमलं तर खालच्या गिअरमध्ये निवांत चढवा.

या काळात दर आठवड्याला डिपस्टिक बघा. रिंगा पूर्ण बसेपर्यंत नवं इंजिन थोडं ऑइल पिऊ शकतं, त्यात घाबरायचं काही नाही, पण लेव्हल खाली गेलेली कळायला पाहिजे. गाडी सपाट जागेवर, सकाळी स्टार्ट करायच्या आधी बघितलं तर सगळ्यात सोपं. काडी काढा, फडक्याने पुसा, परत पूर्ण आत घाला, काढा, दोन खुणांच्या मध्ये असेल तर बंद करून कामाला लागा. वरच्या खुणेच्या वर भरायचं नाही. जास्त भरलं की खाली फिरणारा क्रँक ऑइलमध्ये आपटतो, फेस होतो आणि फेसाने वंगण होत नाही. "थोडं जास्तच टाक, आपली गाडी आहे" हा प्रेमाचा प्रकार इथे चालत नाही.

काळं झालं म्हणून खराब, हे पण डोक्यातून काढा. डिझेलचं ऑइल बदलल्यावर काही दिवसांतच काळं होतं, ती काजळी आहे आणि ती धरून ठेवणं हे ऑइलचं कामच आहे. उलट सीएनजीवाल्यांचं ऑइल पाच-सात हजारला पण सोनेरी दिसतं कारण काजळीच नाही, म्हणून ते म्हणतात अजून चालवू. रंग चांगला असला तरी उष्णतेने त्यातली रसायनं संपलेली असतात, त्यांनी पण पुस्तकाच्याच तारखेला बदलायचं.

डिझेलवाल्यांसाठी एक वेगळी गोष्ट, कारण आमच्याकडे अजून एसयूव्ही म्हटली की डिझेलच. १ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस६ डिझेलला सायलेन्सरच्या लाइनमध्ये काजळी अडवणारा फिल्टर असतो, डीपीएफ. तो भरला की गाडी जास्तीचं डिझेल वापरून ती काजळी जाळते, आणि त्यातलं थोडं डिझेल बऱ्याच गाड्यांत रिंगांच्या बाजूने खाली ऑइलमध्ये उतरतं. जे लोक हायवेला जातच नाहीत, फक्त गावात फिरतात, त्यांची ही साफसफाई मध्येच तुटते आणि परत परत होते. त्यांना डिपस्टिकवर लेव्हल कमी नाही, वाढलेली दिसू शकते. वाढली म्हणजे बरंच झालं असं समजू नका, ते ऑइल नाही, डिझेल आहे. वरच्या खुणेच्या पुढे गेली तर किलोमीटर किती झालेत ते न बघता ऑइल बदलून घ्या, आणि भरताना जळल्यावर कमी राख सोडणारं, पुस्तकात सांगितलेलं ऑइलच भरा, नाहीतर तो फिल्टर भरून बसतो आणि त्याचं बिल ऑइलच्या बिलाच्या कितीतरी पट येतं.